चुकलेल्या शेतातल्या लेंड्या

पाटलानं माझाच पटका माझ्या डोक्यावरून काढायला लावला. त्यात मेंढ्यांच्या लेंड्या भरायला लावल्या आणि ते गाठोडं डोईवर देऊन मला वेशीतून फिरवलं. सकाळची वेळ. चावडीपुढं सगळं गाव. मला नुकतं मिसरूड फुटलेलं.

गुन्हा माझाच, आणि तोही येड्याचा. आम्ही मेंढरं राखणारे. रिकाम्या शेतात रातचा कळप बसवायचा; खत शेताला, धान्य आम्हाला, असा रिवाज. वडील तापानं पडलेले, म्हणून पाटलाच्या शेतात कळप बसवायला मी एकटा गेलतो. निघताना गोंदाजवळ, म्हणजे माझ्या शेतकरी दोस्ताजवळ, बढाई मारली की मला शेत नुसत्या वासावरून कळतं. प्रत्यक्षात बाभूळ बघून मेंढरं कोंडली. बाभळी दोन होत्या. बांधापलीकडचं शेत पाटलाच्या सख्ख्या भावाचं, आणि त्या दोघांत विस्तव जात नव्हता. माझ्या मेंढ्यांनी रातभर दुश्मनाचं रान खतावलं. मेंढ्यांना भाऊबंदकी कळत नाही. मला कळायला हवी होती.

"त्याचं शेत साफ हुईस्तोवर रोज उचलून माझ्या रानात टाकायचं," पाटील म्हणाला. "याच वाटेनं."

लोक हसले. निजामाचं राज्य, तक्रारीला तालुक्याला जावं तर तिथं पाटलाचाच पाव्हणा बसलेला. पण गावाचं हसणं मी सोसलं असतं. स्वतःवर हसण्यात मी पहिल्यापासून तरबेज. तेवढ्यात तापातले वडील उठून आले. पाटलापुढं वाकले, आणि पाटील खूश व्हावा म्हणून माझ्या पाठीत काठी घातली. सगळ्यांदेखत. आई वेशीच्या कडेला उभी. तिनं तोंड फिरवलं.

दुपारी मी डोंगराकडं निघालो. जगायचं नाही, एवढंच डोक्यात. राग नव्हता. नुसता थकवा. आपण नसलो की घराची बेइज्जती धुऊन निघंल, असा माझा हिशेब. तोही चुकलेला, शेतासारखाच.

मागून गोंदा आला. वेशीत तो एकटाच हसला नव्हता. शेजारी बसला आणि सरळ विचारलं, "जीव द्यायला निघालास का बे?"

"हां," मी म्हणालो. म्हणालो आणि छातीवरचा धोंडा जरासा सरकला.

त्यानं देवाचं नाव घेतलं नाही. शिकवण दिली नाही. भाकरी मोडून हातात दिली. मग म्हणाला, "तू न्हाईस तर मी हसू कुणाला?"

मला हसू आलं नाही. भाकरी खाल्ली.

मग त्यानं मला घरी नेलं आणि माझ्यादेखत सगळं सांगून टाकलं. मला त्याचा राग आला. आई वडिलांना म्हणाली, "पाटलानं ठिवलेलं गाठोडं उतरतंय. तुमी मारलेली काठी कशी उतरायची?"

दुसऱ्या सकाळी चावडीपुढं पाटलानं ठेवून घेतलेला तोच पटका पायानं माझ्यापुढं सरकवला. मी उचलला. झटकला. डोक्याला बांधला. वास येत होता. आता वासावरून कळणारं तेवढंच होतं.

"उचलणार न्हाई," मी म्हणालो. आवाज कोकरासारखा निघाला.

पाटलानं वडिलांकडं बघितलं. काठीची वाट बघत असावा. वडिलांनी काठी भुईला टेकली आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दुसऱ्या अंगाला आई. मागं गोंदा.

त्या गावाचं रान आम्हाला बंद झालं. कळप वडवणीकडं हाकला. परक्या मुलखात उपाशी राहिलो, मेंढरंही मेली. थकवा पुरता गेला नाही. अजून अधूनमधून येऊन बसतो. आला की मी लपवत नाही. बाजाराच्या दिवशी गोंदाला गाठून आधी त्याला सांगतो.

एक मात्र ठरलंय. गाव ज्या पोराला हसंल त्याच्या शेजारी मी जाऊन उभा राहणार, आणि गोंदानं विचारलं तेच सरळ विचारणार. माझं पोर गावातलं प्रत्येक शेत चुकलं तरी चालंल. कुणा पाटलाला खूश करायला माझी काठी त्याच्या पाठीत पडणार नाही.