चार गळे, शंभर गळे

इनासची फुप्फुसं निकामी होत चालली होती, तेव्हा मी त्याला भेटायला अधूनमधून वसईला जायचो. चर्चच्या गायनवृंदात आम्ही दोघं वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून खर्जात गायलो होतो. एका दुपारी मी त्याच्यासाठी एका जुन्या युरोपीय, बरोक शैलीतल्या समूहगीताची दोन ध्वनिमुद्रणं घेऊन गेलो. एकात शंभरेक गायक होते, दुसऱ्यात फक्त चार.

मला चौघांचं आवडायचं, कारण त्यात प्रत्येक गळा वेगळा ऐकू येतो. तेच आधी लावलं. इनास डोळे मिटून ऐकत होता. थोड्या वेळाने त्याने चादर मुठीत धरली.

"बंद कर रे," तो म्हणाला. "त्या खर्जवाल्याचा श्वास ऐकू येतो. त्याने पुढचा श्वास घेईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो."

मी शंभर जणांचं लावलं. इथे कुणाचाच श्वास ऐकू येत नव्हता. एक दमला की शेजारचा सूर धरून ठेवत होता, आणि गाणं कुठेही न तुटता पुढे जात होतं. एरवी मला तो नुसता गोंगाट वाटायचा; त्या दुपारी त्यात दया ऐकू आली. इनासचा चेहरा सैल झाला.

"एवढ्या माणसांत एखादा गप्प झाला, तर कुणाला कळणार?" त्याने विचारलं.

"नाही कळत," मी म्हणालो.

त्याची बायको फिलोमिना औषध घेऊन आत आली होती. त्याच्या पाठीमागची उशी सारखी करत ती हळूच म्हणाली, "घरात कळतं."