दोह्यातली रिओहा

दोह्याच्या विमानतळावर माझ्या बॅगेतून लालभडक बाटली निघाली आणि अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या. या देशात बाहेरून दारू आणायला सक्त मनाई. बाटलीत सासूबाईंनी लेकासाठी दिलेलं आगळ (कोकमाचा खारा रस) होतं. अधिकाऱ्याने झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि "यल्ला" म्हणून मला पुढे ढकललं.

बाहेर मेहुणा मंदार उभा होता. अल रय्यानमधल्या एका स्टेडियमच्या वातानुकूलनाचं काम तो बघायचा. फुटबॉल विश्वचषकाला वर्ष उरलेलं. जिकडे बघावं तिकडे क्रेन, पत्र्याची कुंपणं, नवे फलक. सगळं इतकं चकचकीत की मला विश्वास बसेना. सूक वाकिफच्या जुन्या बाजारात केशर बघितलं, तेही मी पाण्यात टाकून दाखवायला लावलं. वीस वर्षं नाशिकच्या एका वायनरीत चव तपासायचं काम करून ही खोड लागली आहे.

तिसऱ्या दिवशी मंदार म्हणाला, "दाजी, आज तुमच्या आवडीचं. स्पॅनिश रेड."

दारूचा परवाना असलेल्या समुद्रकाठच्या हॉटेलात दाराशीच पासपोर्ट बघितला गेला. मंदारने रिओहा मागवली. ही उत्तर स्पेनची वाईन, टेम्प्रानियो द्राक्षाची, वर्षभर तरी ओकच्या पिंपात मुरलेली. वेटरने बाटली आणली ती बूच काढूनच. माझ्या मनात पाल चुकचुकली. ग्लास नाकाशी नेला तर काहीच नाही! ना फळ, ना लाकूड. जिभेवर नुसता तुरटपणा.

"मंदार, बाटली तीच आहे, आतला माल दुसरा आहे," मी म्हणालो.

"साहेब, माल तोच आहे," वेटर मराठीत म्हणाला. त्याचं नाव बशीर, गाव दापोलीजवळ. "बूच आम्ही बारवरच काढतो. हे बघा." त्याने खिशातून बूच काढून टेबलावर ठेवलं.

खिशातलं बूच बघून माझा संशय पक्काच झाला. मी मॅनेजरला बोलावलं. त्याने बशीरला एक शब्द बोलू दिला नाही. विश्वचषकासाठी बारवरची माणसं निवडायचं चाललं होतं. वहीत तक्रार लिहून तो दुसरी बाटली आणायला गेला.

बशीरचा चेहरा उतरला होता. तो खाली वाकून म्हणाला, "बाटली फ्रिजातली आहे. थंड झाली की ही वाईन मुकी होते. पाच मिनिटं ग्लास तळहातात धरा. मग काय ते बोला."

"तुम्हाला चव आवडते ही?"

"मी पीत नाही. वासावर काम करतो. आणि ताटं परत येतात त्यांवरून कळतं. हिच्याबरोबर मटण घेतलं तर हाडं येतात नुसती. मासळी घेतली तर निम्मी तशीच."

मी ग्लास धरून बसलो. हळूहळू सुकवलेल्या चेरीचा वास वर आला, मग व्हॅनिला, मग नव्या चामड्याचा. तोवर आलेल्या भाजलेल्या कोकराच्या खांद्याबरोबर घोट घेतला आणि तुरटपणा चरबीत विरघळून गेला. अस्सल रिओहा होती. थंड वाईन मुकी होते, हे मी नाशिकला नवख्यांना शिकवतो.

मॅनेजर आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी. वाईन उत्तम आहे. तक्रार खोडा." तो हसला, "नो प्रॉब्लेम सर," म्हणाला आणि आमच्याकडून म्हणून गोड पदार्थ पाठवून दिला. त्याने वही मात्र उघडली नाही.

त्या हसण्यावर माझा भरवसा बसेना. परतीच्या दिवशी सकाळी एकटाच हॉटेलात गेलो. बशीर न्याहारीच्या दालनात कप मांडत होता.

"इकडे कसे?"

"वर्ल्ड कप संपेपर्यंत इकडेच टाकलंय."

"मी पुन्हा बोलतो त्यांच्याशी."

"नको साहेब. खलास. पुन्हा नाव निघालं तर इथूनही जाईन." पुढचा कप मांडत तो म्हणाला, "घरी आई खूश होईल, दारूचं काम सुटलं म्हणून. पण तो वास मला आवडायचा."

विमान उडालं तेव्हा खाली अर्धवट स्टेडियमं उन्हात पांढरी दिसत होती. माझ्या नाकाला नाशिकमध्ये मोठा मान आहे. त्या हॉटेलात माझ्याहून तयार नाकाचा एक माणूस होता, थेंबही जिभेला न लावता शिकलेला. त्याच्यासमोरून ग्लास उचलला गेला तो माझ्यामुळे.