कुंकवाचे ठिपके आणि सहा सेंटीमीटर

देऊळगाव राजाहून जालन्याच्या रस्त्याला निघालं की माझ्या काकांचं पंक्चरचं दुकान लागतं. ट्रॅक्टरचं टायर येवो की ट्रॉलीचं, काका त्यावर हातोडी मारतात, आवाज ऐकतात आणि हवा किती ते सांगून टाकतात. हवेचा काटा खिळ्याला टांगलेला असतो, तो फक्त शंकेखोर गिऱ्हाइकांसाठी. भिंत मात्र कोरी. आकडे लिहून ठेवा असं कुणी सुचवलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "ज्याले लिहावं लागते, त्यानं चहाची टपरी टाकावी."

अशा माणसाला मी गणित शिकवायला गेले होते.

तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या कॉलेजची एक गो-कार्ट होती आणि ती मीच चालवायचे, कारण सगळ्यांत हलकी मीच. शर्यत लंबगोल मैदानावर, वळणं सगळी डावीकडे. कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली, म्हणजे सोबतच फिरणार. पण वळताना बाहेरच्या उजव्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून उजव्या टायरचा घेर थोडा मोठा ठेवायचा. थोडा म्हणजे किती, इथेच सगळी गोम. आदल्या वर्षी आमची कार्ट पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन पोत्यांत घुसली होती. यंदाही शर्यत पूर्ण झाली नाही तर कार्टची शेड काढून घेऊ, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी तीन दिवस कागद काळे करून उत्तर काढलं. सहा सेंटीमीटर. टायरांभोवती मोजायचा टेप गुंडाळून, हवा कमीजास्त करत बरोबर तेवढा फरक आणला आणि कार्ट टेम्पोत घालून काकांकडे नेली. दुकानामागे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलचं मोठं सिमेंटचं आवार आहे, तिथे सराव करायचा होता.

दोनच फेऱ्यांत माझे दंड भरून आले. सरळ जातानाही कार्ट डावीकडे ओढत होती आणि वळणावर मागून घसरत होती.

"पोरी, फरक जास्त झाला," काका म्हणाले. "बोटभर कमी कर."

"काका, हे गणित आहे. ट्रॉलीचं चाक नाही."

बोलले आणि जीभ चावली, पण माघार कोण घेतो! काका रागावले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

तेवढ्यात काकू आरतीचं ताट घेऊन आल्या. "नवी गाडी दारात आली अन् पूजा नाही काऊन?" त्यांनी प्रत्येक टायरवर ओल्या कुंकवाचा भरघोस ठिपका दिला आणि नारळ फोडला. मी सीटवर बसले. काकांनी मागून ढकललं. ते चार-पाच पावलं गेले आणि एकदम थांबले.

"उतरू नको. मागं वळून पाय."

सिमेंटवर दोन्ही मागच्या चाकांचे लाल ठिपके उमटले होते. चाकाचा एक फेरा, एक ठिपका. मी टेप दिला, काकांनी दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, आधी डावीकडचं, मग उजवीकडचं. फरक आठचा! डाव्या वळणांसाठी सीट मुद्दाम डावीकडे सरकवलेली, माझ्या वजनानं डावं टायर दबत होतं, आणि मी शहाणी रिकाम्या कार्टचं टायर मोजून बसले होते.

काकांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्यात थोडी हवा भरली, उजव्यातली थोडी सोडली, दोन्ही टायरं अंगठ्यानं दाबून पाहिली. "बस झालं."

काकूंनी पुन्हा कुंकू लावलं. पुन्हा ठिपके, पुन्हा टेप.

"किती भरलं?" मी सीटवरून ओरडले.

"सहा," काका म्हणाले. "तुहं किती होतं?"

"सहाच."

मला इतकं हसू आलं की स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मग ट्रॉलीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. "हाव, हाव," म्हणत त्यांनी पुन्हा ढकललं. या वेळी कार्टनं सरळ जाताना हात ओढले नाहीत आणि वळणावर ती घसरलीही नाही.

शर्यतीत आम्ही चौथे आलो. सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या. शेड राहिली, आणि मी हेल्मेटच्या आत पोटभर रडून घेतलं.

बातमी सांगायला दुकानात गेले. पंक्चरच्या जागी खूण करायचा खडू घेऊन काकांनी त्या कोऱ्या भिंतीवर मोठा सहा काढला.

"काका, तुम्हाला लिहावं लागलं?"

"मले ध्यानात हाये. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं पाहिजे हे काय हाये म्हणून. मंग मी सांगन, माह्या पुतणीचं गणित हाये."

काकूंनी पुढे होऊन त्या आकड्यालाही कुंकू लावलं.