रिकामं परत द्यायचं नाही

"चालवायचं काय?"

मामांना कुणी काहीही विचारलं की त्यांचा पहिला प्रश्न हाच असायचा, आणि तो विचारताना त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशातल्या टेस्टरवर जायचा. इन्व्हर्टर कुठला घेऊ, मोटार किती हॉर्सपॉवरची घेऊ, मुलीला लॅपटॉप कुठला घेऊ, सगळ्यांना तोच प्रश्न. गल्लीतल्या एकानं लग्नासाठी हॉल कुठला धरू म्हणून विचारलं, तेव्हाही मामा टेस्टरवर हात ठेवून "चालवायचं काय?" म्हणाले. त्यावर गल्ली महिनाभर हसत होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार घेऊन शेतकरी यायचे. मामा मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचे, वास घ्यायचे आणि मालकाला विचारायचे, "काय चालवत हुता हिच्यावर? खरं सांगा, पावणं." पावणं आधी खोटं सांगायचे, मग खरं सांगायचे. दुरुस्त झालेली मोटार मामा तासभर चालवून बघितल्याशिवाय दारातून बाहेर सोडत नसत. कंपनीची पाटी काय म्हणते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. "पाटीवर काय बी लिवत्यात. चालवून बघायचं," हे त्यांचं दुसरं वाक्य.

मामा माझे नात्यानं कुणीच नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहत, आणि मी चार घरं पुढं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आठवीपर्यंत शिकलेल्या मामांना माझ्याबद्दल उगाचच आदर होता. जगातली प्रत्येक वस्तू चालवून बघणारा हा माणूस माझा शब्द मात्र तसाच घ्यायचा. एकदा ग्रहणात मामींनी जेवावं की नाही यावरून घरात वाद झाला. मामा माझ्याकडं आले, मी जेवू द्या म्हटलं. ते घरी जाऊन म्हणाले, "वाढ. सरांनी सांगिटलंय." मला त्याचं फार बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

मामींची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकात नळी आणि खाटेशेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, असे त्यांचे दिवस जात. तरी जीभ तिखट होती. "मला बघायला आले तवा ह्यांनी माझ्याकडं बघिटलंच न्हाय," त्या मला सांगायच्या. "आमची शिलाई मशीन उघडून बसले. आई म्हणाली, मेकॅनिक बलवलाय का नवरा?" मामा खाली मान घालून म्हणायचे, "मशीन चांगली हुती की."

पुराच्या एका वर्षी पाणी उंबऱ्याला लागलं, गल्लीची वीज बंद केली आणि मामींना खांद्यावर घालून शाळेच्या हॉलमध्ये न्यावं लागलं. बरोबर नेलेला सिलिंडर मध्येच संपला, दुसरा यायला वेळ लागला. तो वेळ मामांनी कसा काढला ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पाणी ओसरल्यावर ते माझ्याकडं आले. "सर, उचलून नेता यील आन् हिचं मशीन चालवंल आसं काय मिळतं का?"

आता यातली गंमत अशी की तसली एक वस्तू माझ्याकडं होती. आम्ही सहा मास्तर सुट्टीत तंबू घेऊन डोंगरात जातो. त्यासाठी मी ऑनलाइन एक पोर्टेबल पॉवर स्टेशन मागवलं होतं, म्हणजे हँडल असलेली मोठ्या बॅटरीची पेटी. जाहिरातीत तंबूपुढं हसणारं कुटुंब होतं, ते बघून मी घेतली. पहिल्याच सहलीत चहासाठी विजेची किटली लावली आणि पेटी टुक करून गप्प झाली. मामांनी ती हातात घेऊन बघितली. "चालवायचं काय हुतं?" "सगळंच," मी म्हटलं. "सगळं चालवायचं तर लाइटीच्या डांबावरनंच वायर टाकायची की वो." मग त्यांनी मला, विज्ञानाच्या मास्तरला, समजावलं. वॉट म्हणजे तोटी केवढी, वॉट-अवर म्हणजे टाकी केवढी. माझ्या पेटीची तोटीच बारीक, किटलीला कुठली पुरणार? हा धडा मी पुढं वर्गात माझा म्हणून सांगितला.

मामांनी पेटी निवडायला दीड महिना घेतला. मामींचं मशीन किती ओढतं ते मीटर लावून मोजलं. तीनशे वॉट. वीज गेली तर निदान चार तास निघाले पाहिजेत. आतली बॅटरी लवकर म्हातारी न होणाऱ्या जातीची पाहिजे. आणि पेटी एकट्याला उचलता आली पाहिजे, कारण पूर आल्यावर एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात मामी असणार होत्या.

राजारामपुरीतल्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. मामांनी मामींना छोट्या सिलिंडरवर रिक्षातून आणलं होतं, मशीनसकट. दुकानदार म्हणाला, "हजार वॉट-अवरची घ्या, तीन तास आरामात जातंय." मामा म्हणाले, "चालवू या." पेटीला मशीन जोडलं, मशीनची नळी मामींच्या नाकात, मामी काउंटरजवळच्या खुर्चीत आणि मामा घड्याळ धरून शेजारी. गिऱ्हाइकं आत येत, मामींना बघत आणि दबकत बाहेर जात. दुकानदारानं दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा हात जोडले. मामी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वो, मला हितं गार वाटतंय. उंद्या बी येतो." अडीच तासांनी पेटी बंद पडली. मामांनी सिलिंडर लावला आणि शांतपणे विचारलं, "ऱ्हायल्यालं कुठं गेलं?" दुकानदार पेटीवरची पाटी वाचायला लागला. पेटीतली वीज मशीनला चालेल अशी करण्यात थोडी वाया जाते, हे त्यालाही मामांनीच सांगितलं.

शेवटी त्यांनी त्याहून मोठी घेतली. त्यासाठी वाइंडिंगचं यंत्र विकलं आणि दुकान बंद केलं. पेटी घरी आल्यावर तिला हार घातला नाही. पूर्ण भरली, मामींचं मशीन जोडलं आणि शेजारी बसले. चार तास दहा मिनिटं. मग खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकापर्यंत दोन खेपा मारल्या. दर पंधरवड्याला रविवारी ती चालवून बघायची आणि परत भरून ठेवायची, असं ठरलं. त्या दिवशी मी मामांना पहिल्यांदा निवांत बसलेलं पाहिलं.

ती पेटी मी मागितली.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आजऱ्याच्या पुढं दोन दिवस जाणार होतो. मामांनी तीन दिवस 'बघू' म्हणून काढले. मग मामीच म्हणाल्या, "द्या की वो, सर कवा काय मागत न्हाईत." मामांनी मला विचारलं, "चालवायचं काय?" मी म्हटलं, दोन दिवे आणि मोबाइल. "रविवारी संध्याकाळच्याला परत पायजे. आन् भरून आणा. आपल्यात भांडं रिकामं देत न्हाईत." हे तुम्हाला सांगायला नको. शेजारणीचं पातेलं परत करताना आपण त्यात चिमूटभर साखर तरी घालतोच.

डोंगरात आम्ही किटली लावली, स्पीकर लावला, आणि आमच्यातल्या एकानं प्रोजेक्टर आणला होता, त्यावर क्रिकेटची मॅच बघितली. पेटीनं सगळं ओढलं. मी सगळ्यांना सांगत होतो, कशी निवडलीय बघा. येताना पडद्यावर सात टक्के उरले होते. पेटी भरायला तीन तास लागणार होते. कोल्हापुरात पोचायला उशीर झाला होता आणि मामा दारातच खुर्ची टाकून बसले होते.

आजऱ्यात मी ओले काजूगर घेतले होते. ती पिशवी मी पेटीवर ठेवली आणि दोन्ही त्यांच्यापुढं धरलं.

"भरलीया न्हवं?"

"फुल्ल," मी म्हणालो.

त्यांचा हात पेटीच्या बटणाकडं गेला. मी लगेच म्हटलं, "हे मामींना, ओले काजू." तो हात वळला आणि त्यांनी पिशवी घेतली. आत वळून म्हणाले, "बघ गं, सर रिकाम्या हातानं आलं न्हाईत."

मी स्वतःला सांगितलं, सकाळी येऊन म्हणू, एकदा लावून ठेवा. सोमवारी शाळेत निकालाची कामं निघाली. मंगळवारी मामाच आले, हातात स्टीलचा डबा. मामींनी खाटेवर बसून काजूची उसळ केली होती. "तुमचं काजू, तिची फोडणी," मामा म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, मामा, ती पेटी जरा लावा. पण मग रविवारचं 'फुल्ल' खोटं ठरलं असतं, आणि सरांचा शब्द खोटा ठरणं मला नको होतं. मी डबा घेतला. उसळ झणझणीत झाली होती, मी दोनदा वाढून घेतली.

बुधवारी दुपारी चार वाजता वळीव आला. गारा पडल्या, कोपऱ्यावरचं झाड तारांवर आडवं झालं आणि वीज गेली. मी घरात खुर्चीत बसून होतो. पाच मिनिटं तसाच बसलो, मामांनी ती लावली असेल म्हणत. मग छत्री न घेता धावलो.

चार्ज संपत आल्याचा पेटीचा पिपाणीसारखा आवाज गल्लीतच ऐकू येत होता. मामा पेटीपुढं उकिडवे बसले होते. पडद्यावर सात होते, मग सहा झाले.

"सर, फुल्ल हुती की वो," ते पेटीकडं बघत म्हणाले. "काय झालं आसंल हिला? उतरती का काय आपोआप?"

मी विज्ञान शिकवतो. मी म्हणालो, "हां, कधी कधी उतरतात या बॅटऱ्या."

वीस मिनिटं मिळाली. पेटी आल्यावर मामांनी सिलिंडर, छोटासुद्धा, घरात ठेवला नव्हता, पेटी होती ना. मामींना खुर्चीत बसवून चौघांनी पडलेल्या झाडावरून पलीकडं नेलं. खुर्चीचा एक पाय मी धरला होता. रिक्षा मिळेपर्यंत मामींचे ओठ निळे झाले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण त्यांना बोलता येत नव्हतं. मी देवाचे आभार मानले, हेही लिहून ठेवतो.

दवाखान्यात त्या चार दिवस होत्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात काही उरलंच नव्हतं, आज ना उद्या होणारच होतं. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. बरेच दिवस धरून होतो.

तेरावा झाल्यावर आठवड्यानं मामा माझ्याकडं आले. आत बोलावलं तरी उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. शर्टाच्या खिशात टेस्टर नव्हता.

"सर, ती पेटी मी पूर्ण भरली आन् तशीच ठिवली. चार दिस. काल बघिटली. एक टक्का बी उतरली न्हाय."

मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, जळालेल्या मोटारीचा पावणा खरं सांगेपर्यंत थांबायचे तसे थांबले. मी तरी काही बोललो नाही.

"म्हंजे मीच चालवून बघायला पायजे हुतं," ते म्हणाले. "चूक माझीच हाय." आणि गेले.

महिनाअखेर त्यांनी खोल्या सोडल्या. पेटी कळंब्यातल्या कुठल्या तरी पेशंटला दिली, आधी त्यांच्या घरी जाऊन चालवून दाखवली म्हणे. ते मुलीकडं गडमुडशिंगीला गेले. इथून कितीसं लांब आहे ते? मोटारसायकलवर अर्धा तास. मी गेलो नाही. गल्लीत कुणाला इन्व्हर्टर घ्यायचा असला की आता मला विचारतात, आणि 'चालवायचं काय?' माझ्या ओठांवर येतं. मी ते गिळतो आणि कंपनीचं नाव सांगून टाकतो.

उसळीचा डबा माझ्याकडंच राहिला. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी मामींचं माहेरचं नाव कोरलेलं आहे. बायको दर दिवाळीला फडताळ आवरताना तो काढते, घासते आणि म्हणते, "अहो, हा देऊन या की एकदा. काय घालू यात?"

मला सांगता येत नाही. ती तो पुसते आणि परत होता तिथं ठेवते.