भीमाचा करदोडा

भुताखेतावर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. चौथी शिकलेला माणूस मी, सगळा जन्म गुजरातेत, लिंबायतला लूमच्या खात्यात, कापडाच्या मागापुढे उभ्याने गेला. डोळ्याला दिसेल तेच मानतो. हे मात्र मी बघितलं नाही – आणि तरी झालं.

माझा धाकटा भाऊ भीमा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये होता. स्वादुपिंडाला सूज आली म्हणून दवाखान्यात नेला. पोट फुगून ढोलासारखं झालं, बीपी पडलं, लघवी बंद झाली. आयसीयूत मशीनवर टाकला. मला वाटलं, हार्ट गेलं.

डॉक्टर गुजराती, वयाने पोरगाच. म्हणाला, "काका, हार्ट सारुं छे. पेट एने दबावे छे." मग नीट समजावलं. पोटातला दाब इतका चढलाय की छातीखालचा पडदा वर रेटला गेलाय. पायाकडचं रक्त हार्टला परत येत नाही – मग हार्ट पुढे ढकलणार काय? लघवीच्या नळीतून दाब मोजला होता त्यांनी. पोट उघडायचं, काही दिवस उघडंच ठेवायचं. नाहीतर माणूस हातचा जाईल.

मी सहीला तयार होतो. तेवढ्यात सिस्टर म्हणाली, कमरेचा काळा दोरा कापावा लागेल.

तिथे मी अडलो. आमच्यात करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर. जिवंत माणसाचा नाही.

"सोडा. कापू नका."

"काका, मांसात रुतलाय. गाठ सुटत नाही."

"मग मला आत जाऊ द्या, मी सोडतो."

"आत कुणालाच परवानगी नाही."

"तर सही नाही."

भीमाची बायको कडाडली, "दादा, दोऱ्यापायी माणूस घालवता का? हा हट्ट तुमच्या लूमच्या शेठला दाखवायचा होता!" पण मोठ्या दिराला डावलून ती सही करेना, आणि मी हलेना.

बाकड्यावर बसलो. दुपारची वेळ होती, किती दिवसांची झोप राहिलेली. डोळे मिटले... आणि बोटांना गरम, ताणलेली कातडी लागली. खाली ओला दोरा. लूमवर तुटलेली सुताची तार धरायचो तशी मी गाठ नखाने धरली, उकलली. डोळे उघडले तर हात माझ्याच मांडीवर.

सिस्टर बाहेर आली. हातात दोरा – अख्खा, कुठेही न कापलेला. "घ्या काका. कुणी सोडला माहीत नाही. पाहिलं तर अंगाखाली मोकळा पडला होता."

मी सही केली. पोट उघडलं, आणि स्क्रीनवरचे बीपीचे आकडे चढायला लागले म्हणे. डॉक्टरला विचारलं, तर म्हणाला, घामाने गाठ सैल झाली असेल. असेल. मी वाद घातला नाही, तेवढी ताकद नव्हती.

माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण भीमा शुद्धीवर आला, श्वासाची नळी निघाली, बोलायला लागला तेव्हा पहिलं वाक्य काय बोलला? "दादा, तुनं नख लागनं मले."

माझं नख? मी आत गेलो नव्हतो. भीमाची बायको बाकड्यावर माझ्या शेजारीच बसलेली, विचारा तिला. मला तर काही उलगडत नाही, आणि आता विचार करायचाही कंटाळा आलाय.

पोटाची जखम भरून आल्यावर नवा करदोडा भीमाने माझ्याकडूनच बांधून घेतला. म्हणाला, "ढिला बांध दादा, नहीतर तुले परत सोडाले येनं पडी."