गच्चीवरच्या जावा

सुकत घातलेल्या जवळ्याचा वास जिन्यातून खाली येतो, तेव्हा तो पाहुण्यासारखा दारात थांबत नाही. चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरतो. तांदळाच्या दाण्याएवढी ती कोलंबी, पण तिचा वास अख्खं घर व्यापून उरतो. तो आला की मला पनवेलच्या आमच्या गच्चीवरचा तो उन्हाळा आठवतो.

त्याची सुरुवात मात्र गारव्यापासून झाली. माझा नवरा एसी इतका गार करायचा की त्याला गोधडी घ्यावी लागे, आणि गोधडीत उकडू लागलं की तो एसी आणखी गार करायचा. कवितेवर माझा विश्वास होता, म्हणून मी रिमोटखाली चिठ्ठी ठेवली: ‘या गारव्यासाठी कुठे तरी एक डोंगर जळतो आहे.’ त्याने ती दोनदा वाचली. ‘वा! काय ओळ आहे!’ म्हणाला, आणि ओळीचा आस्वाद नीट घेता यावा म्हणून एसी आणखी एका अंशाने खाली आणला.

शेवटी मी गच्चीवर सोलर पॅनेल बसवण्याचा हट्ट धरला. नवरा लगेच तयार झाला. सूर्याच्या विजेवर निर्धास्त गारठता येईल, असा त्याचा हिशेब. अडचण सासूबाईंची होती. गच्चीवरचं ऊन त्यांचं होतं. त्यांचं माहेर जासईकडचं, मिठागरवाल्यांचं. ऊन वाया घालवणं म्हणजे त्यांच्या लेखी ताटातलं अन्न टाकणं.

‘या काचा माझं ऊन खातील आन् जवला वला र्‍हाईल,’ त्या म्हणाल्या. ‘पावसाल्यात भाकरीसंगं काय खाल? वीज?’

मी म्हणाले, ‘आई, त्यांना काचा समजू नका, सुना समजा. दिवसभर उन्हात राबतील, जेवायला मागणार नाहीत, उलट उत्तर देणार नाहीत, दिवाळीला माहेरीसुद्धा जाणार नाहीत.’

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ‘तुझ्यापेक्षा बर्‍या हायेत मंग. येऊ दे तुझ्या जावा. पन माझा जवला नाय सुकला, तर त्यांना माहेरी धाडीन.’

माझ्या जावा टेम्पोतून आल्या. सासूबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. उतरत्या काचेवरून कुंकू ओघळत खाली आलं, तेव्हा ‘लाजल्या,’ असं म्हणून त्या समाधानाने खाली उतरल्या.

त्या दिवसापासून घराची हवाच पालटली. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, की सासूबाई विचारत, ‘भुतांना वारा घालतोस काय रं?’ गिझर चालू राहिला, की न्हाणीघराचं दार वाजे: ‘माझी सून वर तापते, तवा तुझं पानी तापतं! बंद कर!’ एके दुपारी तर त्यांनी नवर्‍याच्या अंगावरची गोधडी ओढून काढली. ‘सुना उन्हात आन् ह्यो थंडीत! लाज नाय वाटत?’ नवर्‍याला लाज वाटली. एसी बंद झाला, पंखा सुरू झाला, गोधडी धुऊन कपाटात गेली. इतक्या वर्षांत माझ्या एकाही ओळीने एक बटणसुद्धा बंद झालं नव्हतं.

आणि मग वीज आटू लागली.

नवरा मोबाइलवर पॅनेलचा आलेख क्रिकेटच्या धावफलकासारखा बघत असे. सकाळी तो उमेदीने चढे, आणि ऐन दुपारी आडवा पडे. ‘फसवलं आपल्याला,’ नवरा म्हणाला. ‘उद्या माणूस येतोय. दुरुस्त झालं तर ठीक, नाही तर काढूनच नेऊ दे.’ त्याची नजर कपाटाकडे वळली. जावा गेल्या, की गोधडी परत येणार होती.

दुसर्‍या दिवशी भर दुपारी पॅनेलवाला आला. त्याच्यामागून आम्ही वर गेलो आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकलो. प्रत्येक पॅनेलवर जुन्या नऊवारीचा एकेक तुकडा नीट पांघरलेला, आणि त्या पदरावर गुलाबी, चमचमता, चुरचुरणारा जवळा. मधोमध सासूबाई. हाताने जवळा उलथत होत्या.

‘मॅडम, हे...’ पॅनेलवाल्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

‘जवला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘खातोस?’

‘आजी, पॅनेल झाकली तर वीज कशी येणार?’

‘एवढ्या तापट सुना. सासूचं एवढंसं काम नाय करनार?’

‘आई, अगं पण पदर कशाला?’ नवर्‍याचा आवाज चिरकला.

‘उघड्या डोक्यानं उन्हात बर्‍या दिसतात काय?’

पॅनेलवाला खोकल्याचं निमित्त करून कठड्याकडे वळला. आम्हीही हसलो. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पॅनेलखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. तिथे वर्षानुवर्षं त्यांचा जवळा पसरला होता. आता तिथे सावली होती.

‘सुना आल्या आन् सासूची जागा गेली,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘मी कुठं सुकवू?’

गच्चीवर सलग उन्हाचा एकच पट्टा उरला होता: दक्षिणेच्या कठड्यालगतचा. तो माझा होता. तिथे माझ्या मोगर्‍याच्या कुंड्या होत्या. संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून मी ओळी जुळवीत असे, आणि त्या उन्हाखेरीज मोगरा काही धड फुलणार नव्हता.

मी पहिली कुंडी उचलली. नवर्‍याने काही न विचारता दुसरी उचलली. कुंड्या एकेक करून पॅनेलखालच्या सावलीत गेल्या. मग आम्ही नऊवारीच्या तुकड्यांची टोकं चौघांनी धरून जवळा पालखीसारखा मिरवत कठड्याशी नेला. सासूबाईंनी तिथल्या फरशीवर तळवा टेकवला, चटका बसताच मान डोलावली आणि जवळा पसरला.

आता माझा मोगरा थोडकाच फुलतो. जो फुलतो, त्याला जवळ्याचा पुसट वास असतो. पण ते पुढचं. त्या दुपारी पॅनेलवाल्याने काचा पुसल्या. नवर्‍याने मोबाइल वर धरला. आडवा पडलेला आलेख उठून बसला होता.

सासूबाई माझे मातीने माखलेले हात बघत होत्या.

‘काय आई,’ मी विचारलं, ‘पाठवायच्या माझ्या जावांना माहेरी?’

त्यांनी जवळ्याची एक चिमूट तोंडात टाकली, सावकाश चावली.

‘नांदतील.’