थोरलीचा गोंगाट

…तर चहा यायच्या आधी आपण कुठे होतो? हां. थोरली खुर्चीत मागे रेलून बसली आहे, समोरच्या स्क्रीनवर ओळींमागून ओळी मुंग्यांसारख्या धावताहेत, आणि मोठे साहेब दारातून डोकावून विचारताहेत, "मॅडम, एवढं लाल लाल काय दिसतंय? काही बिघडलं का?" आणि थोरली मान न वळवता म्हणते, "काही नाही साहेब. रडूबाई आहे ती. तिला सवयच आहे."

ही थोरली म्हणजे एका घरातली थोरली सून. नोकरी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. पण सुई टोचणाऱ्यांत नव्हे, ती बसायची मागच्या खोलीत, सर्व्हर सांभाळायला. प्रयोगशाळेच्या शाखा शहरभर. सगळीकडची यंत्रं आपापले रिपोर्ट या खोलीत धाडणार आणि इथून ते काउंटरवर आणि डॉक्टरांकडे जाणार. आता सर्व्हर म्हणजे काय, तर भलताच बोलका नोकर. काम करतो तेवढं बोलतोही. रिपोर्ट आला, उघडला, ठेवला, पाठवला, प्रिंटर उत्तर देत नाही, पुन्हा विचारतो, अजून देत नाही… असं जे तो दिवसभर स्वतःशी पुटपुटतो आणि लिहून ठेवतो, त्याला म्हणायचं लॉग. त्यात कामाचं बोलणं चिमूटभर, बाकी सगळी बडबड.

पण थोरलीला त्या बडबडीचा कंटाळा नव्हता. घरातही जिना चढणारा कोण, हे ती नुसत्या पावलांवरून सांगायची. लॉगच्या ओळींनाही तिने माणसांसारखी नावं ठेवली होती. लांबच्या शाखेतला एक प्रिंटर घटकाघटकाला तुटायचा आणि परत जोडला जायचा, ती रडूबाई. कुणी पासवर्ड चुकवला की लगेच चहाडी करणारी ओळ होती, तो चोंबडा. आणि एक जुनं यंत्र रोज 'डिस्क भरत आली, डिस्क भरत आली' म्हणायचं आणि तरी खातच राहायचं, ते मामंजी. तिचे सासरे पुरे पुरे म्हणत ताट पुढे करायचे, त्यावरून. घरी हे कुणाला ठाऊक नव्हतं ते बरंच.

या सगळ्या कलकलाटात एखादी परकी ओळ आली, की थोरलीची मान ताठ व्हायची. "थांबा," म्हणायची, दोन बोटांनी काहीतरी बडवायची, आणि अडलेले रिपोर्ट सुटायचे. काउंटरवरची बाई खिडकीतून ओरडायची, "मॅडम, हात आहे की जादूची कांडी?" थोरली म्हणायची, "कांडी कसली, कान आहेत." आणि दिवसभर ते वाक्य मनातल्या मनात चघळत बसायची. मानानं हाक मारून कुणीतरी आपल्या खुर्चीशी धावत यावं, एवढंच तिला हवं असे. ते मिळत होतं, तोवर तिचं ठीक चाललं होतं.

मग त्या खोलीत दुसरी खुर्ची आली. खुर्चीत कोण? तिचीच धाकटी जाऊ! आणि साहेबांकडे शब्द टाकला कुणी? थोरलीनेच. धाकट्या दिराचं लग्न झालं, नवी सून याच विषयात शिकलेली, घरात बसून भिंती मोजत होती. थोरलीला वाटलं, चला, हाताखाली कुणीतरी होईल. माणूस स्वतःच्या हाताने काय काय ओढवून घेतं बघा.

पहिले काही दिवस धाकटी नुसती बघत बसली. मग तिने मऊ आवाजात विचारलं, "ताई, ही प्रिंटरवाली ओळ दर मिनिटाला येते. तिचं काही करायचं नाही का?"

"नाही."

"मग दाखवायची कशाला?"

ज्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसतं तो प्रश्न उद्धट असतो, असं थोरलीचं पक्कं मत होतं. "तुला त्रास होत असेल तर दुसरीकडे बघ," ती म्हणाली.

धाकटीने दुसरीकडे बघितलं नाही. तिने आधी प्रिंटरची तार बदलून घेतली. रडूबाई गप्प! नंतर सारख्या सारख्या ओळींची एक मोट बांधली, म्हणजे शंभरदा तेच म्हटलं तरी स्क्रीनवर एकदाच दिसायचं. जे नुसतं माहितीपुरतं होतं ते फाईलमध्ये राहू दिलं, पण स्क्रीनवरून हटवलं. उरल्या त्या खऱ्या चुका, आणि त्या आल्या की घंटी वाजायची. एरवी स्क्रीन कशी, तर सारवलेल्या अंगणासारखी.

एकदा तिने विचारलं, "ताई, आणि हे डिस्क भरल्याचं? हे मनावर घ्यायचं का?"

थोरली तेव्हा डबा उघडत होती. मान वर न करता म्हणाली, "मामंजींचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं."

धाकटी हसली, आणि तिने तो इशाराही म्यूट केला. फक्त त्या एका यंत्राचा करायचा, तर घाईत सगळ्याच यंत्रांचा केला. हे तेवढं ध्यानात ठेवा.

साहेब आले, स्क्रीनकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून उभेच राहिले. "वा! इतकी वर्षं या खोलीत आलं की मला धडकी भरायची. आज पहिल्यांदा गार वाटतंय." धाकटी म्हणाली, "ताईंनीच सांगितलं कुठलं ठेवायचं, कुठलं नाही." साहेबांनी ते ऐकल्यासारखं केलं. थोरली हसली. त्या हसण्याने तिचे गाल दुखले.

त्या दिवसापासून खिडकीतून हाक यायची ती "धाकट्या मॅडम" अशी. बरं, हाका तरी कितीशा? घंटी वाजायची, धाकटी उठायची, काम व्हायचं. थोरलीचे कान बेकार झाले. ती आपली समोरच्या कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसायची, आणि पोटात कुणीतरी हळूहळू निखारे फुंकतंय असं तिला वाटायचं.

घरी तरी सुटका? घरात एक जुना फ्रिज होता, तो सुरू झाला की मोटार निघाल्यासारखा थरथरायचा. त्या खडखडाटातच सगळे बोलायचे, भांडायचे, झोपायचे. धाकटीने एका रविवारी त्याच्या पायाखाली रबराची घडी सरकवली. फ्रिज मुका झाला.

सासूबाई म्हणाल्या, "बघा! इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होता मेला. सुचलं का कुणाला?"

"कुणाला म्हणजे मलाच ना?" थोरली म्हणाली.

"तुला कुठे म्हटलं मी?"

"घरात दुसरं आहे कोण न सुचणारं?"

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने सरळ, म्हणजे कुठे गप्प बसावं हे न कळणारा. तो म्हणाला, "अगं, पण युक्ती झकास आहे हं. आमच्याकडे लिफ्टच्या मोटारीखाली असंच…"

"तुम्ही जेवा," थोरली म्हणाली, आणि भाजीचं पातेलं असं आदळलं की फ्रिजची उणीव कुणाला भासली नाही.

तिला स्वतःलाही कळायचं हो. रात्री कूस बदलताना म्हणायची, पोर वाईट नाही. उलटं बोलत नाही, नाव आपलंच पुढे करते. पण हेच तर जळायचं कारण होतं! वाईट असती तर मनसोक्त नावं तरी ठेवता आली असती. चांगल्या माणसाचा हेवा करणं म्हणजे बंद खोलीत चूल पेटवणं. धूर जायला वाट नाही.

आणि अशाच एका दुपारी, दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, धाकटी जरा लवकर घरी गेली. खोलीत थोरली एकटी. समोर ती सारवलेल्या अंगणासारखी स्क्रीन. थोरलीच्या मनात आलं, परवा येईल तेव्हा हिच्या अंगणात थोडा पाला पडलेला असू दे. म्हणजे साहेब म्हणतील, 'मॅडम, हे काय, बघा ना जरा.' एवढंच. कुणाचं वाटोळं करायचं तिच्या मनात नव्हतं.

सर्व्हरला एक सेटिंग असतं, डीबग नावाचं. काही बिघाड सापडत नसेल तेव्हा घटकाभर ते लावतात. मग सर्व्हर श्वास घेतला तरी लिहितो, सोडला तरी लिहितो. थोरलीने रिपोर्टच्या सर्व्हरला ते सेटिंग लावलं आणि स्क्रीनकडे बघत बसली. एक ओळ दिसेना. दिसणार कशी? धाकटीची चाळणी पक्की होती, पाला बाहेरच्या बाहेर अडत होता. थोरलीला वाटलं, सेटिंग लागलंच नाही. तिने आणखी वरचं लावलं. तरी स्क्रीन कोरी. "हिचं सगळंच कसं घट्ट!" असं म्हणून तिने चिडून पर्स उचलली आणि बस पकडली. सेटिंग तसंच राहिलं.

इकडे सर्व्हर बिचारा सुट्टीभर लिहितोय, लिहितोय. त्याला कुणी थांब म्हणायला नाही. त्याने 'डिस्क भरत आली' म्हणून ओरडूनही पाहिलं असेल, पण ते ओरडणं तर म्यूट होतं.

सुट्टीनंतर सकाळी दोघी जावा एकाच बसने आल्या, तर काउंटरसमोर ही गर्दी. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक, सुट्टीआधीचे रिपोर्ट न्यायला आलेले लोक, आणि काउंटरवरची बाई खिडकीतून अर्धी बाहेर. "मॅडम! रिपोर्टवर बोट ठेवलं की पाचशे नंबरचा एरर येतोय!"

कुठल्या मॅडम, ते ती म्हणाली नाही. थोरलीने ते बरोब्बर टिपलं.

पाचशे नंबरचा एरर म्हणजे काय? सर्व्हर सांगतो, माझ्या पोटात काहीतरी बिघडलंय, काय ते मला विचारू नका. मग लॉग बघायचा. धाकटीने बघितला, तर तो मध्येच तुटलेला. शेवटची ओळ पहाटेची, त्यापुढे काही नाही. चूक झाली हे लिहायलाच जागा उरली नव्हती! धाकटीने सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला, तो उठेना. नेटवर्क पाहिलं, ते ठीक. मग डिस्क पाहिली आणि तिचा चेहरा पडला. "सर, डिस्क काठोकाठ भरलीय."

साहेब मागेच उभे. "भरेपर्यंत कळलं कसं नाही? इशारा येतो ना?"

"येतो सर. तो म्यूट होता."

"कोणी केला?"

थोरलीला वाटलं, आता ही म्हणणार, ताईंनी सांगितलं, मनावर घेऊ नको म्हणून.

"मी केला," धाकटी म्हणाली, आणि तिथेच थांबली.

साहेबांना बोलायला तेवढं पुरे झालं. "म्हणजे खोली गार ठेवायला तुम्ही आमचे कानच कापलेत! बाहेर लोक रांगेत आहेत, डॉक्टरांचे फोन येताहेत. थोरल्या मॅडम, चुकलं आमचं. तुमचं होतं तेच बरोबर होतं. आजपासून ही जागा पुन्हा तुम्ही बघा, सगळं पूर्वीसारखं करा. यांना काय शिकायचं ते तुमच्या बाजूला बसून शिकू देत."

घ्या! जे हवं होतं ते ताटात वाढून आलं. मान, खुर्ची, हाक, सगळं. थोरलीने फक्त हो म्हणायचं होतं.

पण तिची नजर धाकटीच्या स्क्रीनवर होती. डिस्क कशाने भरली, ते शोधता शोधता धाकटी डीबगच्या त्या सेटिंगपाशी पोचली होती. कुणी लावलं तेही तिथे लिहिलेलं असतं. थोरलीचं नाव सगळ्यात वर, स्वच्छ दिसत होतं. धाकटीने ते वाचलं. एकदाच थोरलीकडे पाहिलं. आणि साहेब वाकून बघणार, तेवढ्यात तिने स्क्रीनवरची ती खिडकी बंद करून टाकली. म्हणाली, "सर, आधी जागा करते. कशाने भरली ते नंतर बघू."

दुसरी कुणी असती तर तिला हायसं वाटलं असतं. थोरलीच्या मात्र अंगाची लाही लाही झाली. म्हणजे आता ही मला झाकणार? चाळणी हिची चांगली, युक्ती हिची चांगली, बोलणं हिचं गोड, आणि आता मन मोठं तेही हिचंच? रोज सकाळी बसमध्ये ही शेजारी बसणार, काही बोलणार नाही, आणि ते न बोलणं मी जन्मभर ऐकत राहायचं? खुर्ची गेली तर गेली, पण ही बाजी तरी हिला मारू द्यायची नाही!

साहेबांनी पुन्हा विचारलं, "काय मॅडम? तुम्ही तरी सांगाल का, ही डिस्क भरली कशाने?"

थोरली उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या जळण्याने भरली, साहेब. हिची कोरी स्क्रीन मला बघवेना, म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी डीबग मी लावलं. तो इशारा म्यूट झाला तोही मी डब्यातून डोकं न काढता बोलले म्हणून. खुर्ची हिचीच राहू दे, फक्त डिस्कचा इशारा परत सुरू करायला सांगा. आणि तू गं, सरक तिकडे, ती फाईल मी रिकामी करते, माझी घाण आहे. घरी गेल्यावर आईंना हे मी सांगणार, तू तोंड उघडायचं नाहीस. प्रत्येक गोष्टीत तुझाच पहिला नंबर नको!"